दोघं आत, दोघं बाहेर

१

शाळेत पहिला वर्ग मिळावा म्हणून पोरं रात्रीचा दिवस करतात. धरणांचं सगळं उलटं. आपल्या धरणाची पहिल्या वर्गातून सुटका व्हावी म्हणून खात्यातली माणसं देव पाण्यात घालून बसतात.

हा वर्ग धरणाच्या तब्येतीवर ठरत नाही, हे बाहेरच्या माणसाला कितीही सांगा, पटत नाही. भिंत ठणठणीत असो नाहीतर म्हातारी, वर्ग ठरतो तो खाली कोण राहतं यावर. उद्या भिंत गेलीच, तर माणसं जातील का? एकजण जरी जाणार असेल तरी पहिला वर्ग. रस्ते, शेतं जाणार असतील तर दुसरा. नुसतीच झाडंझुडपं असतील तर तिसरा. पहिल्या वर्गाच्या धरणाला रोजची पाहणी, कायमचा माणूस, भोंगा, सगळे लाड. तिसऱ्याकडे वर्षाकाठी कुणीतरी येऊन मान हलवून जातं, बास.

असे वर्ग ठरवायचं काम ताईकडे होतं. खात्यात सगळेच तिला ताई म्हणायचे, कारण तिचा सख्खा धाकटा भाऊ त्याच खात्यात होता आणि भर मीटिंगमध्येही 'ताई' अशीच हाक मारायचा. जन्मला तेव्हा वीतभर होता, म्हणून त्याचं नाव पडलं टिल्लू. आता तो दारातून वाकल्याशिवाय आत येत नसे, पण एकदा पडलेलं नाव काही सुटत नाही.

टिल्लूचं धरण म्हणजे शहराला पिण्याचं पाणी देणारी एक करडी काँक्रीटची भिंत. मधोमध सांडवा, एका अंगाला पाणी उचलायचं पंपघर, आणि भिंतीच्या पोटातून लांबवर गेलेला एक अरुंद बोगदा. त्याला सगळे गॅलरी म्हणायचे. भिंतीतून झिरपणारं पाणी तिथं गोळा व्हायचं आणि टिल्लू ते मोजायचा. भिंतीखाली कामगारांच्या क्वार्टरची एक ओळ होती. ती माणसं एकेक करून शहरात हलवली होती, आणि टिल्लूचंच घर काय ते उरलं होतं. ताईनं 'खाली कुणी राहत नाही' असं लिहून तिसऱ्या वर्गावर सही केली की त्याची बदली शहरात होणार होती. मग गॅलरीचं तोंड विटांनी बुजवून टाकायचं ठरलं होतं.

भावाच्या धरणाचा वर्ग बहिणीनं ठरवणं नियमात बसतं का, असं तिनं मोठ्या साहेबांना विचारून घेतलं होतं. साहेब म्हणाले, "खाली कुणी नाही, एवढंच लिहायचंय. त्यात भाऊ कुठे आला?"

२

ती सकाळी पोचली तेव्हा क्वार्टरची ओळ ओसाड पडली होती. दारं, खिडक्या, नळसुद्धा लोकांनी काढून नेले होते. शेवटच्या घरातून तेवढा चमच्याचा आवाज येत होता. टिल्लूच्या तीन वर्षांच्या पोरीला, चिमीला, एकच नाद होता. उठल्यापासून झोपेपर्यंत हातात स्टीलचा चमचा, आणि समोर येईल ते त्यानं बडवायचं. ताल नाही, सूर नाही, थांबणं तर नाहीच.

"ताई, या चमच्यानं माझं डोकं उठलंय," भावजय दारातच म्हणाली. "एवढी सही करा आणि आम्हाला माणसांत न्या. तिथं शेजारी तरी ओरडतील हिला."

दाराशी पेट्या बांधून ठेवलेल्या होत्या. फक्त चहास्वयंपाकापुरतं सामान बाहेर होतं. टिल्लू आला, वाकून आत शिरला, आणि बसायची वेळ झाली तशी सगळ्यांनी न बोलता जागा बदलली. लहानपणी ताप डोक्यात गेला तेव्हापासून त्याचा उजवा कान पार बंद होता. त्याच्या उजवीकडे बसून काही मागितलं तर मिळत नाही, हे चिमीलासुद्धा कळायचं.

"तो कठडा वाजतो ते सांगा ना ताईंना," भावजय कप ठेवत म्हणाली.

"झालं हिचं सुरू." टिल्लू ताईकडे वळला. "काही नाही गं. गॅलरीभर तो जाड पाइपाचा कठडा आहे ना, गेटला कुलूप घालायच्या आधी मी तो पान्यानं वाजवतो. आत कुणी राहिलं असेल तर त्यानं उलटा वाजवायचा. नियम माझाच. हाका मला कळत नाहीत, पण लोखंडावर पंजा ठेवला की सगळं कळतं. आता आत जाणारा मी एकटाच उरलोय, तरी सवय जात नाही. तर मध्ये एकदा उलटा वाजला."

"आत कोण होतं?"

"कोण असणार? शेवटपर्यंत जाऊन आलो. लोखंडच ते. उन्हानं फुगतं, थंडीनं आकसतं, कुरकुरायचंच."

"गॅलरीत ऊन कुठून आलं?"

"तू इंजिनिअर, तू सांग," तो हसला. पण कप त्यानं तसाच ठेवला.

"तेव्हापासून यांना आत जायला नको असतं," भावजय हळूच म्हणाली. ती त्याच्या उजव्या बाजूला उभी होती. "मला म्हणाले, तिथं कुणीतरी मोजतं. किती आत गेले आणि किती बाहेर आले."

टिल्लूला यातलं काही ऐकू आलं नाही. तो चिमीच्या चमच्यापुढे कप धरून तिला वाजवू देत होता.

कठड्याचा नियम टिल्लूचा असला तरी त्याचं मूळ ताईला ठाऊक होतं. लहानपणी दोघांच्या लोखंडी खाटा एकमेकींना चिकटून असायच्या. टिल्लू चांगल्या कानावर झोपला की त्याला जग बंद व्हायचं. अंधारात खोलीत कुणी आहे की नाही तेही कळायचं नाही, आणि तो दचकून रडायचा. मग ताईनं एक खूण ठरवली. खाटेच्या दांडीवर एक ठोका, थांबून दोन. म्हणजे, आहेस का? उत्तर उलटं, दोन ठोके, थांबून एक. म्हणजे, आहे. तेवढ्यावर तो झोपून जायचा.

३

गॅलरीचं गेट भिंतीच्या पायथ्याशी होतं. बाहेर कितीही टळटळीत ऊन असलं तरी आत एकच वेळ असायची. ओलसर, गार, पिवळ्या दिव्यांची. दोन माणसं जेमतेम खेटून चालतील एवढी रुंदी. एका बाजूच्या भिंतीपलीकडे शहरभराचं पाणी उभं होतं. ताईला दर वेळी ते आठवायचं आणि दर वेळी ती ते विसरायचा प्रयत्न करायची. दुसऱ्या बाजूला तो कठडा, आणि सगळीकडे थेंबांचा आवाज.

मध्यावर गॅलरी वळायची. वळणापलीकडचे दिवे कधीच गेले होते.

"तू इथला सांधा बघ," टिल्लू टॉर्च पेटवत म्हणाला. "मी शेवटचा पाझर मोजून येतो. भीती वाटली तर वाजव."

"घाबरायला मी काय चिमी आहे?"

तो वळणाआड गेला. त्याचा उजेड भिंतीवर थोडा वेळ हलला आणि मग दिसेनासा झाला. ताईनं सांध्याला पट्टी लावली. सांधा कोरडा होता, तडा जुनाच होता, वाढलेला नव्हता. भिंत खरंच चांगली होती. तिनं गंमत म्हणून टिल्लूनं तिथं ठेवलेला पाना उचलला आणि कठड्यावर ठोका दिला. एक, थांबून दोन.

पंजाखाली उत्तर आलं. दोन, थांबून एक.

तिला हसू आलं, बरंही वाटलं. तिनं सांध्याचं काम पुरं केलं, पट्टी बाजूला ठेवली आणि पुन्हा वाजवलं. या वेळी काही आलं नाही. ती थांबली. पुन्हा वाजवलं. मग तिच्या लक्षात आलं की थेंबांचा आवाज थांबलाय. एक दोन नव्हे, सगळेच थेंब. अख्खी गॅलरी श्वास धरल्यासारखी गप्प झाली होती. ती हाक मारणार एवढ्यात थेंब पुन्हा सुरू झाले आणि वळणाआडून पावलं वाजली.

टिल्लू आला. हातात टॉर्च नव्हता.

"सेल गेले," तो म्हणाला. "अंधारातच आलो."

"वाजवलं तर उत्तर द्यायला काय झालं होतं?"

"येतच होतो की."

दोघं निघाले. तो पुढे, ती त्याच्या उजव्या हाताला अर्धं पाऊल मागे. "हात गार पडले बाई," ती स्वतःशीच पुटपुटली, ओठ हलले न हलले इतपतच.

"माझेही," तो वळून न बघता म्हणाला. "चल, चहा घेऊ."

चार पावलं चालून गेल्यावर ताईच्या लक्षात आलं, ती त्याच्या बंद कानाच्या बाजूला होती.

४

गॅलरीत आवाज घुमतो. भिंतीवर आपटून डाव्या कानाशी जाऊ शकतो. गेटपर्यंत येता येता ताईनं हे स्वतःला दोनतीनदा समजावलं, आणि समजूत पटण्यासारखीच होती.

गेटच्या बाहेर टिल्लू कुलूप हातात घेऊन उभा होता.

"कठडा नाही वाजवायचा?" तिनं विचारलं.

"कशाला? दोघं आत गेलो, दोघं बाहेर आलो."

हिशेब चोख होता. ताईनं आयुष्यभर डोकी मोजूनच सह्या केल्या होत्या, आणि डोकी बरोबर भरल्यावर शंका काढायची सवय तिच्या खात्यात कुणालाच नव्हती. तिनं त्याच्या हातातून कुलूप घेतलं आणि स्वतः लावलं. ते कुलूप आपल्या हातांनी लागलं, ही गोष्ट तिच्या मनातून पुढे कधीही गेली नाही.

टिल्लू घराकडे निघाला. ताईच्या चपलेचा बंद सुटला होता. कठड्याचा हातभर तुकडा गेटच्या बाहेर आलेला होता, त्याला धरून ती वाकली.

पंजाखाली ठोका पडला. एक. थांबून दोन.

ती तशीच वाकलेली राहिली. पुन्हा आलं. एक, थांबून दोन. हळू, पण नीट, लहानपणी खाटेच्या दांडीवर यायचं तसं. आहेस का?

तिनं मान वर केली. समोर टिल्लू उन्हातून चालला होता. चिमी चमचा उंच धरून पळत आली आणि त्यानं तिला उचललं. ताईला भीती वाटली, आणि ती कठड्याची नव्हती, त्या पुढे चाललेल्या पाठीची होती.

तिनं उत्तर दिलं नाही. लोखंड फुगतं, आकसतं, असं म्हणत ती हात पुसून चालू लागली.

५

घरात टिल्लू मिळेल त्या जागी बसला. कुणी जागा बदलली नाही तरी त्याचं काही अडलं नाही. भावजय आत नळाखाली भांडी विसळत होती. "मीठ संपलं वाटतं," ती आपल्याशीच बोलली.

"वरच्या फळीवर पुडा आहे," तो बाहेरून म्हणाला.

नळ बंद झाला. भावजय ओल्या हातांनी दारात आली. ती त्याच्या उजवीकडे गेली आणि अगदी हळू त्याचं नाव घेतलं. त्यानं लगेच मान वळवली. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"ताई, ऐकू येतंय यांना. इतकी वर्षं डॉक्टरांच्या पायऱ्या झिजवल्या."

"दडा बसला होता कानाला," तो म्हणाला. "सुटला."

ताईनं आनंद झाल्याचा चेहरा केला. मग चहा पिता पिता तिनं बारीक बारीक विचारून घेतलं. खाटांचा रंग कुठला होता, कोणत्या मास्तरांनी पट्टी मारली होती, आईनं रडत रडत त्याला कुठल्या दवाखान्यात नेलं होतं. त्याला सगळं ठाऊक होतं. तिला आठवत नव्हतं तेही ठाऊक होतं. आपलं डोकं फिरलंय असं तिला वाटायला लागलं, आणि खरंच फिरलं असतं तर बरं झालं असतं.

शेवटी तिनं टेबलाखाली हात नेला आणि बोटानं फळीवर टकटक केलं. एक, थांबून दोन.

त्यानं ऐकलं. तिच्याकडे बघून तो छान हसला. "टेबल सैल झालंय का गं?" त्यानं विचारलं.

चिमी ताटली बडवत होती. टिल्लूनं आजवर तिला कधी अडवलं नव्हतं. अडवील कशाला, पंजा टेकून तो ते ऐकत बसायचा. आता त्यानं तिच्या मुठीतून चमचा हलकेच काढून घेतला.

"फार आवाज होतो," तो म्हणाला.

६

पट्टी आत राहिली असं सांगून ताई किल्ली घेऊन परत गॅलरीत गेली. तिचा टॉर्च नवा होता. वळण गेलं, अंधार आला, आणि ती कठड्याला धरून शेवटपर्यंत गेली. शेवटी नुसती भिंत होती. कठडा तिच्यात जाऊन संपत होता.

टिल्लूचा टॉर्च खाली पडलेला होता. तिनं बटण दाबलं तर लख्ख पेटला.

तिनं बरोबर आणलेला पाना उचलला. पहिला ठोका वाकडाच पडला. एक, थांबून दोन.

दोन. थांबून एक.

ते जवळून आलं. ते मागून, गॅलरीतून आलं नव्हतं, समोरून आलं होतं. समोर काँक्रीट होतं आणि त्याच्यापलीकडे डोंगराचा खडक. तिनं उजेड वर नेला. भिंतीवर ओल होती. भिंतीला ओल असतेच, ताईनं जन्मभर ती बघितली होती. पण ही ओल टिल्लूच्या उंचीची होती, मानेत किंचित वाकलेली. डावी बाजू पुढे करून, कान भिंतीला लावून कुणी उभं राहावं, तशी. टिल्लूला एखादी गोष्ट नीट ऐकायची असली की तो अस्साच उभा राहायचा.

तिनं तिथं तळवा टेकवला. भिंत कोमट होती.

"टिल्लू," ती म्हणाली. आवाज फुटलाच नाही, नुसता वारा आला.

"काय गं?" दूरवरून, गेटच्या बाजूनं, तो म्हणाला. "सापडलं का काही?"

वळणापलीकडे अर्धी गॅलरी होती. एवढ्या लांबवर ओरडलेलंही धड पोचत नसे.

"नाही," ती ओठांतल्या ओठांत म्हणाली.

"मग ये बाहेर."

त्या वाटेवर तिनं काय सोसलं ते तिलाच माहीत. दर पावलाला तिला वाटत होतं, आता गेट वाजेल, आता कुलूप पडेल. तसं काही झालं नाही. तो गेट धरून अदबीनं उभा होता. ती बाहेर आली तसा बाजूला झाला, आणि आत एकदा नजर टाकून म्हणाला, "बुजवून टाकलेलं बरं हे."

७

ताईनं पहिला वर्ग लिहिला.

मोठ्या साहेबांचा फोन आला. "खाली आहे कोण? कुत्रं तरी आहे का?"

"मी आहे," ताई म्हणाली. "मी तिथं राहायला जातेय. टिल्लूच्या जागेवर."

साहेबांना वाटलं, बाई भावासाठी जीव टाकते. त्याला शहरात पाठवायचं आणि त्याची रखवाली स्वतःच्या गळ्यात घ्यायची, असं आजकाल कोण करतं? त्यांनी कौतुक करून मंजुरी दिली. इंजिनिअर बाई गॅलरी राखणार म्हणून खात्यात चार दिवस चेष्टा झाली, मग तीही विरली.

भावजयीला ती काहीच बोलली नाही. काय बोलणार? तुझा नवरा ऐकायला लागलाय, जपून राहा? पेट्या गाडीत चढल्या तेव्हा भावजय गळ्यात पडून रडली आणि चिमीनं गाडीच्या पत्र्यावर चमचा वाजवला. गाडी नजरेआड होईतो ताईचा जीव खालीवर होत होता. ती त्यांच्याबरोबर जाऊ शकत नव्हती आणि त्यांना ठेवूनही घेऊ शकत नव्हती. एक माणूस भिंतीखाली राहिलं तरच गॅलरी उघडी राहणार होती, म्हणून ती राहिली.

तिनं खात्याकडून माणसं मागवून त्या शेवटच्या भिंतीला भोकंही पाडून घेतली. आतून काढलेला नमुना अखंड निघाला, उत्तम प्रतीचं काँक्रीट. माणसं यंत्र आवरून गेली.

मग रोजचा नेम बसला. सकाळी आणि उन्हं कलताना गेटपाशी जायचं, कठड्यावर वाजवायचं, पंजा टेकवायचा. आहेस का? आहे. कधी उत्तर लवकर यायचं, कधी तिला घाम फुटेपर्यंत यायचं नाही. पण यायचं. तेवढ्यावर ती घरी जाऊन जेवायची.

दुसरी किल्ली टिल्लूकडे राहिली होती. त्या, गाडीत बसून गेलेल्या टिल्लूकडे. मागायची म्हटलं तर का मागते ते सांगावं लागलं असतं, आणि त्याच्यापुढे तर मनातही काही बोलायची तिला धास्ती वाटायची. राहू दे, नंतर बघू, असं करता करता ते राहूनच गेलं.

८

सुट्टीच्या एका दुपारी ते भेटायला आले. न कळवता आले.

भावजयीनं आल्या आल्या स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. अंगानं भरली होती, आनंदात होती. तिला किती सांगू आणि किती नको असं झालं होतं. ऐकू यायला लागल्यापासून त्यांना बढती मिळाली, घरात कधी वाद नाही, रात्री शेजारच्या घरातलं बोलणंसुद्धा सांगतात म्हणे, ऐकून हसू येतं. ताईचं लक्ष बाहेर चमच्याच्या आवाजाकडे होतं. अंगणातल्या बादलीवर वाजत होता, मग ओट्यावर, मग खिडकीच्या गजावर.

"आणि तुम्ही अशा वाळलात का हो?" भावजय म्हणाली. तिनं ताईचे दोन्ही हात धरले, डोळे भरून आले तिचे. "आमच्यापायी इथं एकट्या पडलात." ताईलाही भरून आलं. कुणी मायेनं हात धरून किती दिवस झाले होते. दोघी तशाच हात धरून बराच वेळ बोलत बसल्या.

हात सुटले तेव्हा ताईच्या लक्षात आलं, बाहेर मघापासून शांतता होती.

ताई धावत अंगणात आली. समोरून दोघं येत होते, तो आणि त्याचं बोट धरून चिमी. भिंतीकडूनच येत होते. चिमी सरळ चालत होती, रस्त्यातला एकही दगड न लाथाडता.

"हिला धरण दाखवून आणलं," तो म्हणाला. "पाय धू गं, जेवायचंय."

जेवताना चिमीनं सगळं पान नीट संपवलं. एक शीत सांडलं नाही. भावजय बघतच राहिली.

"आज आत्यासमोर शहाणी झाली का माझी बाय? चमचा कुठे तुझा?"

"हरवला," चिमी शांतपणे म्हणाली.

"रडली कशी नाहीस?"

"फार आवाज होतो," चिमी म्हणाली.

ताईनं उचललेला घास परत ताटात ठेवला. समोर तो हसत होता. तिच्या छातीत काय चाललंय ते त्याला ऐकू येत असणार, हे तिला कळलं, आणि आपण ओरडलो तरी भावजय आपल्यालाच वेडी ठरवील हेही कळलं. मोजली तर माणसं बरोबर होती. नवरा, बायको, पोर.

गाडी निघाली. चिमी आईच्या मांडीवर बसून व्यवस्थित हात हलवत होती. गाडी वळली तशी ताई गेटकडे पळाली. कुलूप जागच्या जागी होतं. तिनं पाना घेतला आणि वाजवलं. एक, थांबून दोन. पंजा कठड्यावर घट्ट दाबला.

दोन, थांबून एक. आहे.

तिनं हात उचलला नाही. थोड्या वेळानं लोखंडात दुसरंच काहीतरी थरथरलं. हलकं, स्टीलचं, ताल नाही, थांबणं नाही, नुसती बडवाबडव. ताई तिथंच मोठ्यानं रडली. चिमीला ती खूण कुणी शिकवलीच नव्हती. तिला वाजवता येत होतं, पण विचारता येत नव्हतं.

मग आतून जड हाताचा ठोका पडला. एक, थांबून दोन. चमचा थबकला. पुन्हा पडला, सावकाश, शिकवताना ताई लहानपणी द्यायची तसा. एक, थांबून दोन. चमचा चुकला, पुन्हा चुकला, आणि उन्हं भिंतीआड जाता जाता त्याला जमलं.

एक. थांबून दोन.

ताईनं डोळे पुसले, पाना दोन्ही हातांनी धरला आणि उत्तर दिलं.